गाडीनं आधी खाकरावं

माणसाला अखेरीस हवी असते ती शांतता. पैसा, मानमरातब, मुलांची लग्नं ही सगळी तिच्या वाटेवरची गावं. वीरण्णा उस्तुरगे यांनी आपल्या निरोपसमारंभात हे वाक्य उच्चारलं, तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकाला एवढं कळतं हे पाहून संस्थाचालकही हलले. पुढं वर्षभरातच वीरण्णांना ही शांतता सापडली. ती नांदेडच्या एका शोरूममध्ये होती आणि पांढऱ्या रंगात लगेच मिळत होती. चंदेरी रंगासाठी थांबावं लागणार होतं.

ती हायब्रिड गाडी होती. तिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर असे दोघं भाऊ एकत्र कुटुंबात राहत. कुणी कधी काम करायचं हे ते आपसात ठरवत; मालकाला विचारत नसत. बटण दाबलं की काहीच होत नसे, आणि तेच तिचं वैशिष्ट्य होतं. आधीच्या डिझेल जीपनं गल्लीला पंधरा वर्षं उठवलं होतं. ही नवी गाडी फाटकाबाहेर पडली तरी शेजारचं कुत्रं मान वर करत नसे. वीरण्णा भेटेल त्याला सांगायचे, "चालू हाय का बंद, कळतच न्हाई बगा." हे ते कौतुकानं सांगत.

गाडी बिनचावीची होती, म्हणजे चावी खिशात असली की पुरे. पण एवढी महागाची वस्तू खिशातून पडली तर काय, म्हणून गाडीची पूजा झाली त्याच दिवशी गुणाबाईंनी, म्हणजे वीरण्णांच्या पत्नीनं, ती चावी काळ्या दोऱ्यात ओवून आतल्या आरशाला बांधून टाकली. आता ती हरवणार नव्हती आणि गाडीला दृष्टही लागणार नव्हती. बाहेर फाटकाला मात्र मोठं कुलूप लावलं.

घर लातूरच्या ट्यूशन एरियात होतं. भूकंपानंतर बांधलेलं, त्यामुळं कॉलममध्ये लोखंड इतकं, की भिंतीत खिळा ठोकणाऱ्याचा हातोडा परत अंगावर यायचा. पोर्चखाली पाण्याचा हौद होता. नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी येणाऱ्या गावात प्रत्येकाच्या घराखाली असा आणखी एक मजला असतो. हौद भरला तर भरला, उन्हाळ्यात बहुतेक वेळ निम्मा रिकामाच. त्याच्या स्लॅबवर गाडी उभी राहायची. पोर्चला लागून मोठी खोली होती आणि तिथं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, नीटची म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुली अभ्यासाला बसायच्या. गल्लीत चार क्लास, आठ मेस आणि असंख्य झेरॉक्स होते. पहाटेपासून कुणी ना कुणी मायक्रोफोनवर किडनीचं कार्य समजावून सांगत असे.

या सगळ्यात वीरण्णांनी शांततेचा उपयोग शोधून काढला. एप्रिलात दुपारी लाइट जायची. जेवण झालं की वीरण्णा पोर्चमधल्या गाडीत जाऊन बसायचे, बटण दाबायचे, एसी लावायचे, सीट मागं पाडायचे आणि तोंडावर पेपर ठेवून झोपायचे. धूर नाही, आवाज नाही. तासाभरानं उठून, दार नीट लावून, घरात यायचे. बटण पुन्हा दाबायचं त्यांच्या मनातही येत नसे. गाडी कुठं गेलेलीच नव्हती. जी गाडी निघालीच नाही ती थांबवणार काय? शिवाय फ्रिजचं दार लावलं की आतला दिवा विझतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

जमीन हलायला लागली ती याच सुमारास.

लातूरकडच्या जमिनीतून अधूनमधून आवाज येतात. ते पेपरात छापून येतात, मग अधिकारी येऊन घाबरू नका म्हणून सांगतात, आणि त्यानंतर लोक घाबरतात. पण हा आवाज पेपरातला नव्हता, घरातला होता. एका दुपारी अभ्यासाच्या खोलीत, फरशीच्या खालून, कुणी मोठ्या रांजणात तोंड घालून घुमावं तसा हुंकार आला. लोखंडी कपाटाची दारं थरथरली. आणि खिडकीतली वाटी पडली.

त्या वाटीबद्दल सांगायला हवं. गुणाबाईंचं माहेर किल्लारीच्या अंगाचं. त्र्याण्णव साली त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून त्या रात्री त्या लातुरात होत्या. माहेरची माणसं माहेरीच होती. यावर गुणाबाई कधी बोलत नसत आणि कुणी विचारतही नसे. फक्त तेव्हापासून त्यांच्या खिडकीत एक तांब्या, तांब्यावर उपडा पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड असायची. त्या वेळी अर्ध्या जिल्ह्याच्या घरात असायची. जमीन हलली की आधी वाटी बोलते, मग माणसांनी बाहेर पळायचं, असा तिचा वापर. बाकीच्यांनी पुढं ती भांडी मोडीत दिली. गुणाबाईंनी दर आठवड्याला घासून पुन्हा रचली.

वाटी पडली तशा गुणाबाई उठल्या, "चला, भाईर," एवढंच म्हणाल्या आणि सगळ्या मुलींना मागच्या दारानं रिकाम्या प्लॉटात घेऊन गेल्या. पुढच्या दाराकडं कुणी गेलं नाही. तिकडं कंपाउंडची भिंत आणि वरची टाकी. भूकंप पाहिलेलं माणूस भिंतीकडं पळत नाही. पाच-सात मिनिटांनी हुंकार थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच यायला लागला.

भूगोल घरातच असल्यामुळं वीरण्णांना विचारण्यात आलं. त्यांनी आधी भूजलपातळीचा सिद्धान्त मांडला, मग खडकातल्या पोकळ्यांचा. सरकारी यंत्रावर काही नोंद नाही असं कळलं, तेव्हा ते म्हणाले, "अतिस्थानिक धक्का असू शकतो." हा शब्द त्यांनी तिथंच बनवला. एक गोष्ट मात्र त्यांनाही चमत्कारिक वाटली. हा भूकंप दुपारी तीनला सुरू व्हायचा, संध्याकाळी सहाच्या आत आटपायचा आणि रविवारी यायचाच नाही. रविवारी दुपारी वीरण्णा मेहुण्याकडं जेवायला जात.

"कार्यालयीन वेळेत येतोय," ते गुणाबाईंना म्हणाले.

"तुमाला गंमत सुचायली," गुणाबाई म्हणाल्या. त्यांनी रात्री दारं उघडी टाकून झोपायला सुरुवात केली होती.

घरात आवाज न करणारी वस्तू एकच होती, त्यामुळं तिच्यावर संशय कुणी घेतला नाही.

मुरुडच्या दोघी बहिणी पहिल्याच आठवड्यात सामान बांधून गेल्या. नंतर आणखी एक गेली. अर्धापूरच्या उजमाचे वडील येऊन भिंतींवर हात फिरवून गेले. राहिलेल्यांमध्ये एक होती तनुजा, बिलोली तालुक्यातल्या हणमंतरावांची मुलगी. तिनं घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

तनुजाचा नीटचा हा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं, तेव्हा तिच्या आजीनं, धोंडाबाईंनी, एक साल मंजूर केलं होतं. एकच साल, पुढं आम्ही म्हणू तसं. आणि पुढचं ठरलेलंच होतं. देगलूरकडचं एक स्थळ होतं, मुलाचं औषधांचं दुकान. "डाक्टर हून तरी काय, औषधच द्यायची ना," असं धोंडाबाईंचं म्हणणं. "तिथं कपाटं भरून हायेत." सालाच्या मध्येच तनुजा घरी गेली असती, तर परीक्षा राहिली असती आणि देगलूरचे लोक चहाला आले असते. परीक्षा मेच्या सुरुवातीला होती. तोवर तिला फक्त याच खोलीत बसून राहायचं होतं.

पण धोंडाबाई रोज व्हिडिओ कॉल करत. एका दुपारी पडद्यावर त्यांना आधी नातीचा चेहरा दिसला, मग तो थरथरला, मग घराचं छत दिसलं, मग एक जिना आणि शेवटी मागच्या प्लॉटातली बाभळ. मागं भांडी पडल्याचा आवाज आला. धोंडाबाईंनी फोन न ठेवताच हाक मारली, "हणमंता, पोरीला घिऊन ये."

"आजी, परीक्षा जवळ आलीय," तनुजा बाभळीखालून म्हणाली.

"आन् जमीन फाटली मंजी परीक्षा कोन देईल, तुजा बाप?"

त्या संध्याकाळी तनुजा गुणाबाईंजवळ येऊन बसली. "काकू, माझं झाडांचं सगळं झालंय," ती जीवशास्त्राचं पुस्तक मांडीवर ठेवत म्हणाली. "माणसाचं निम्मं राह्यलंय. घरी गेलं की ते राहतंयच."

 पोरगी राहावी असं गुणाबाईंना वाटत होतं, आणि दुसऱ्याची पोर अशा घरात ठेवून घेते म्हणायला जीभही रेटत नव्हती. त्यांनी उठून उतरंडीवरची वाटी नीट बसवली.

ठरलं ते असं. शनिवारी नांदेडच्या शोरूमनं हायब्रिड मालकांचा मेळावा ठेवला होता. पुढच्या गाडीत काय सुधारणा हव्यात हे मालकांच्या तोंडून ऐकायला पुण्याहून साहेब येणार होते, जेवणही होतं. वीरण्णा जाणारच होते. हणमंतरावांनी बिलोलीहून एसटीनं नांदेडला यायचं, मेळावा झाला की वीरण्णांच्या गाडीत बसून लातूरला जायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन परतायचं.

मेळाव्याला करीमभाईही होते. करीमभाईंचं नांदेडला कापडाचं दुकान, वीरण्णांची दोस्ती कॉलेजातली. ही गाडी आधी त्यांनी घेतली आणि मग वीरण्णांना घ्यायला लावली, कारण पस्तावायचं तर एकट्यानं कशाला.

"आओ अण्णा," करीमभाई म्हणाले. "भूकंपाला संग घिऊन आलाव का घरी ठेवलाव?"

"घरीच हाय. हे हणमंतराव. पोरीला न्यायला आलेत."

"बसा भाऊ, बसा. जेवण चांगलं हाय असं ऐकून राहिलो मी. तोवर ह्या लोकांचं ऐका."

खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते आणि हवा इतकी गार की हणमंतरावांनी उपरणं अंगाभोवती घेतलं. पुण्याचे साहेब तरुण होते. लॅपटॉप उघडून ते म्हणाले, "मोकळेपणानं बोला. तुमच्या मनातली उद्याची हायब्रिड कशी असेल?"

हा प्रश्न मराठवाड्यात विचारायला नको होता. अर्धापूरचे एक केळीवाले उठले. म्हणाले, मागं डिकीत बॅटरीनं जागा खाल्लीय, केळीचा एक घड ठेवायचा तर दुसरा मांडीवर घ्यावा लागतो. बॅटरी टपावर बसवा. साहेबांनी टाइप केलं. एक दातांचे डॉक्टर म्हणाले, मुक्कामाला गाडी उभी राहिली की उंदीर हवेच्या जाळीतून आत जातात आणि वायरी कुरतडतात. तिथं भक्कम जाळी द्या, नाहीतर मांजर द्या. शाळेचे एक हेडमास्तर होते. त्यांचं म्हणणं, गाडी मागून आली हे जनावरांना कळत नाही, म्हशी रस्त्यातून हलत नाहीत आणि माणसं त्याहून हलत नाहीत. त्यांनी आपल्या बंपरला बैलाचे घुंगरू बांधले होते. "कंपनीकडूनच घुंगरू यावेत," ते म्हणाले. "वॉरंटीत." आणखी एकांना समोरच्या पडद्यावरचे बाण नको होते. इंजिनाकडून बॅटरीकडं, बॅटरीकडून चाकाकडं असे बाण सारखे पळतात, आणि शेजारी बसलेली मंडळी ते बघून, "आता बॅटरीवर घ्या, आता पाय काढा," असं सांगत राहतात. या मुद्द्यावर सभागृहात एकमत दिसलं.

एका गृहस्थांना कप ठेवायची जागा मोठी हवी होती. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

हणमंतरावांकडं गाडी नव्हती, ट्रॅक्टर होता. तरी माइक फिरत त्यांच्यापर्यंत आला. ते म्हणाले, "साहेब, एक इंजिन बंद पडलं तर माणूस धक्का मारतंय. ह्यात दोन हायेत. दोन्ही एकदम बंद पडली तर कुनाला धक्का मारायचा?"

साहेबांनी थोडा विचार केला आणि टाइप केलं.

वीरण्णांनी दोन सूचना तयार ठेवल्या होत्या. ते वर्गात उभं राहावं तसं उभे राहिले. "पहिली. अ‍ॅव्हरेज. कंपनी सांगते त्याच्या निम्मं मिळतंय. गाडी मी फार फिरवतही नाही, संध्याकाळी देवळापर्यंत आणि रविवारी मेहुण्याकडं. तरी टाकी उतरते. दुसरी. बटण. संध्याकाळी गाडी काढायला जातो तेव्हा बटण दोनदा दाबावं लागतं. पहिल्यांदा दाबलं की जागी होते, दुसऱ्यांदा दाबलं की उठते. हे एकदाच दाबून व्हायला पाहिजे."

"सर, एकदाच दाबायचं असतं," साहेब म्हणाले.

"एकदाच दाबलं तर बंद पडल्यासारखी होते."

"म्हणजे ती आधी चालू असेल सर."

सगळे हसले. वीरण्णाही प्राध्यापकी हसले आणि बसले. चालू गाडी आणि बंद गाडी यांतला फरक आपल्याला आता पुण्याहून येऊन सांगणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग करीमभाईंनी माइक घेतला. "माझी एकच शिकायत हाय साहेब. परवा दुकानासमोर गाडी उभी केली. सदफ, माझी मुलगी, आत बसलेली, एसी चालू. गिऱ्हाईक आलं, चहा आला, त्यानं चहाचा पेला ठेवला बोनेटवर. शांत गाडी, टेबलासारखी. आम्ही साडीचा रंग बघून राहिलो. आणि एकदम ही बया आतून चालू झाली. कुणी हात लावला न्हाई, काई न्हाई. पेला थरथर थरथर करत सरकला आणि सगळा चहा गिऱ्हाइकाच्या झब्ब्यावर. गिऱ्हाईक गेलं, साडी राहिली. माझं म्हणणं एवढंच हाय, की तिला चालू व्हायचं तर हो म्हणावं. पण आधी खाकरावं. शरीफ माणूस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायच्या आधी खाकरतो का न्हाई?"

टाळ्या पडल्या. साहेबांनी टाइप केलं. टाळ्यांमध्ये वीरण्णा नव्हते. ते समोर बघत होते, पण समोरचं काही बघत नव्हते. पेला थरथरला, हे शब्द त्यांच्या डोक्यात गेले होते आणि तिथं त्यांना अ‍ॅव्हरेज भेटलं होतं, आणि दोनदा दाबायचं बटण, आणि रविवार.

ते पुन्हा उभे राहिले. माइक नव्हता तरी बोलले.

"समजा, गाडी पोर्चमध्ये उभी आहे. एसीसाठी बटण दाबलेलं आहे. चावी आतच आहे. आणि मालक दार लावून घरात गेला. तर?"

"तर गाडी चालूच राहते सर. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप लागतं, चार्ज झालं की बंद होतं. असं चालू राहतं. पण घरात कळतसुद्धा नाही."

"कळतं," वीरण्णा म्हणाले आणि खाली बसले.

जेवताना त्यांनी हणमंतरावांना सगळं सांगितलं. खाली निम्मा रिकामा हौद, वर स्लॅब, स्लॅबवर गाडी, गाडीत दुपारची झोप, आणि इंजिन लागलं की हौदात घुमणारा आवाज. हणमंतरावांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अण्णा, राग मानू नगा. पोरगी राहावी म्हनून तर सांगून राहिला न्हाई ना?"

"न्हाई."

"तुमी मागं फोनवर पोकळी का काय म्हनले होते. म्हातारीला म्या ती सांगितली. आता गाडी म्हनायलाव. मी म्हातारीला काय काय सांगू?"

वीरण्णांनी हात धुतले. त्यांनी घरी फोन लावला. "आज काय झालं का गं?"

"आज काई न्हाई," गुणाबाई म्हणाल्या. "शांत हाय. म्हनून जास्तच भ्या वाटायलंय."

"गाडी घेऊन येतोय," वीरण्णा म्हणाले. "भूकंपही घेऊन येतोय. पोरींना सांग, कुणी सामान बांधू नका."

करीमभाईंनी दुकान मुलावर टाकलं आणि न विचारता मागं बसले. एवढं सगळं सोडून साड्या कोण विकणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. अहमदपूरला चहा झाला. तिथं गाडी बंद करताना वीरण्णांनी बटण दाबलं, पडद्याकडं बघितलं, दार उघडलं, परत बसले आणि पुन्हा पडद्याकडं बघितलं. हणमंतराव बाहेर उभे राहून हे पाहत होते. त्यांच्या मनात पहिल्यांदा थोडी आशा आली. माणूस खरंच काहीतरी चुकला असल्याशिवाय इतकं बघत नाही.

लातूरला पोहोचले तेव्हा ऊन अजून होतं. गाडी स्लॅबवर नेहमीच्या जागी लावली. प्रयोग नेहमीसारखा व्हायला हवा, असं वीरण्णांचं शास्त्रीय मत होतं. म्हणून ते एसी लावून, सीट पाडून, तोंडावर पेपर ठेवून पडले. सगळं घर दारात उभं राहून त्यांची झोप बघत होतं.

"काका, झोप लागायची काय गरज हाय?" उजमानं विचारलं.

वीरण्णा पेपर काढून उठले, दार लावून आत आले. करीमभाई तिथंच, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. बाकी सगळे अभ्यासाच्या खोलीत उतरंडीसमोर बसले. तनुजानं धोंडाबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून वाटीकडं वळवला.

"काय दावायलीस गं? वाटी?"

"हाव आजी. वाटीच बघ."

सगळे वाटीकडं बघू लागले. काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. आजवर न बोलावता रोज येणारा भूकंप आज बोलावून येईना. बाहेर कुणी मायक्रोफोनवर यकृत सुरू केलं. तनुजानं मांडीवर पुस्तक घेतलं होतं, पण पान उलटलं नव्हतं. हणमंतरावांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा वीरण्णांकडं पाहिलं. 

"हणमंता," फोनमधून आवाज आला, "उद्या सकाळची गाडी कितीला हाय?"

"नऊला हाय, माय."

आणि फरशीखालून हुंकार उठला.

कपाटाची दारं थरथरली. वाटी पेल्यावर जागच्या जागी फिरली, कडेला आली, पडली आणि खोलीभर फिरून तनुजाच्या पायाशी थांबली. बाहेरून करीमभाईंची हाक आली, "लागली अण्णा, लागली. हाताला कळून राहिलंय." गुणाबाई सवयीनं मागच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या. हणमंतरावही अर्ध्या वाटेवर होते. मुली मात्र हलल्या नाहीत. त्या टाळ्या वाजवत होत्या. या भागात धक्क्याला टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ असावी.

वीरण्णा पोर्चमध्ये गेले. त्यांनी गाडीत वाकून बटण दाबलं. हुंकार थांबला, कपाट थांबलं, सगळं थांबलं. आयुष्यभर भूगोल शिकवला, पण भूकंप असा हातानं बंद करायची संधी त्यांना आली नव्हती.  मग खात्री म्हणून पुन्हा दाबलं, गाडी जागी झाली. पुन्हा दाबलं, झोपली. एकदाच दाबायचं असतं, हे साहेबांचं बरोबर होतं.

आत हणमंतराव खाली बसले होते आणि उपरण्यानं तोंड पुसत होते. "माय, दिसलं का?" त्यांनी फोनला विचारलं.

"दिसलं." धोंडाबाई म्हणाल्या. "मंजी त्या मास्तरच्या गाडीपाई माज्या जिवाला इतके दिस घोर?"

"हाव."

"मास्तर कुटं हाय? बोलव त्याला." वीरण्णा फोनसमोर येऊन उभे राहिले. धोंडाबाईंनी त्यांना नीट पाहून घेतलं. "शिकलेले हाव ना तुमी?"

"हो."

"मंग ती गाडी भाईर लावत जा. आन् पोरीला राहू द्या. साल दिलंय ते दिलंय." आणि मग तनुजाला, "तू काय रडायलीस? माणसाचं निम्मं राह्यलंय म्हनं तुजं. बस की वाचत."

तनुजा हसत रडत होती. तिनं पायाजवळची वाटी उचलून गुणाबाईंना दिली. गुणाबाईंनी ती नळाखाली धरली, पुसली आणि पुन्हा पेल्यावर ठेवली.

"आता कशाला गं ते?" वीरण्णा म्हणाले. "कळलं ना काय होतं ते."

"गाडीचं कळलं," गुणाबाई म्हणाल्या. "हे खऱ्याचं हाय. राहू द्या." आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांनी दाराला कडी घातली.

करीमभाईंनी परतीची बस पकडायच्या आधी वीरण्णांना बसवून कंपनीला सविस्तर मेल लिहायला लावला. गाडी चालू असेल तर तिनं तसं तोंडानं सांगावं. मालक चावी आत ठेवून दार लावत असेल तर त्याला हटकावं. उभ्या गाडीत इंजिन लागण्याआधी खाकरावं. काळ्या दोऱ्याचा उल्लेख मेलमध्ये केला नाही. कंपनीचं उत्तर आलं, की आपली सूचना आम्हाला मोलाची वाटते.

मुरुडच्या बहिणी परत आल्या. तनुजा परीक्षेला बसली. निकाल बरा लागला. एमबीबीएसला थोडे गुण कमी पडले, पण उदगीरला पशुवैद्यकीयला नंबर लागला. माणसाचं निम्मं राहिलं होतं ते तिथं फारसं लागत नाही. देगलूरच्या मुलानं दुसरीकडं लग्न केलं. धोंडाबाईंच्या दोन म्हशी आता नातीशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, असं हणमंतराव सांगतात.

पुढच्या वर्षी गाडीचं नवीन मॉडेल आलं. करीमभाईंनी फोन केला म्हणून वीरण्णा आणि गुणाबाई ते बघायला मुद्दाम नांदेडला गेले. मालकांच्या सूचनांवरून केलेली सुधारणा म्हणून शोरूमच्या माणसानं त्यांना एक गोष्ट दाखवली. कप ठेवायची जागा थोडी मोठी केली होती. गुणाबाईंनी पिशवीतून पाण्याचा पेला काढून त्यात ठेवून पाहिला. बरोबर बसला.